समान गुणोत्तराच्या पायऱ्या : प्रोग्राममध्ये लॉगरिदमिक अंतराचे अ‍ॅरे कसे तयार करावेत

वडोदऱ्यात दांडिया बाजारात आमच्या शेजारी राहणारा एक मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मध्यंतरी तो एक आलेख घेऊन माझ्याकडे आला. १.६ किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडून त्याने साधा लो-पास फिल्टर, म्हणजे कमी वारंवारता जाऊ देणारे आणि जास्त वारंवारता अडवणारे सर्किट, तयार केले होते, आणि १० हर्ट्झपासून १ लाख हर्ट्झपर्यंत ४१ ठिकाणी त्याचा प्रतिसाद मोजला होता. या फिल्टरची कटऑफ वारंवारता सुमारे ९९५ हर्ट्झ येते, म्हणजे तिथे प्रतिसाद ३ डेसिबलने (डेसिबल हे गुणोत्तर मोजण्याचे एकक) उतरून आलेख हळूच वळायला हवा. त्याच्या कागदावर मात्र पहिल्या बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत एक सरळ तिरकी रेघ होती आणि त्यानंतर सगळा उतारच होता. "काकू, पॉइंट तर एक्केचाळीस घेतले, मग वळण कुठे गेलं?" असे त्याने विचारले.

वळण त्याच्या दोन बिंदूंच्या मधे हरवले होते. १० ते १,००,००० या अंतराचे चाळीस सारखे तुकडे केले की प्रत्येक तुकडा २,४९९.७५ हर्ट्झचा होतो, त्यामुळे पहिला बिंदू १० वर आणि दुसरा थेट २,५०९.७५ वर पडतो. पहिल्या ठिकाणी प्रतिसाद जवळजवळ शून्य डेसिबल असतो आणि दुसऱ्या ठिकाणी तो उणे ८.७ वर पोहोचलेला असतो. फिल्टरचे जे काही सांगण्यासारखे होते ते या दोन मोजमापांच्या मधे घडून गेले, आणि उरलेले एकोणचाळीस बिंदू एकच उतार पुन्हा पुन्हा मोजत राहिले. आलेखाचा आडवा अक्ष नंतर लॉग पट्टीवर काढल्याने यात काही सुधारत नाही, कारण जे मोजलेच नाही ते पट्टी बदलून दिसू लागत नाही. बिंदू निवडतानाच ते लॉगरिदमिक अंतरावर निवडावे लागतात. मी बरीच वर्षे ट्रान्सफॉर्मरच्या चाचण्यांसाठी मोजमापाचे प्रोग्राम लिहीत आले आहे आणि त्या अनुभवावरून मला वाटते की हा विषय एका ओळीच्या फंक्शनवर सोडून देण्याइतका किरकोळ नाही. म्हणून त्या मुलाला जे सांगितले तेच इथे जरा विस्ताराने लिहीत आहे.

मुळात काय हवे असते

'लॉगरिदमिक' या शब्दाने विषय उगीच अवघड वाटतो. शाळेत शिकलेल्या भूमिती श्रेढीपलीकडे त्यात काही नाही. शेजारच्या कोणत्याही दोन संख्यांमधली वजाबाकी सारखी असेल तर तो रेषीय अ‍ॅरे (अ‍ॅरे म्हणजे संख्यांची क्रमवार यादी) होय, आणि त्यांचा भागाकार सारखा असेल तर तो लॉगरिदमिक अ‍ॅरे होय. १, १०, १००, १००० यांत प्रत्येक पायरी दहापट आहे. आपल्या खिशातले पैसे पाहिले तरी हीच कल्पना दिसते. १, २, ५, १०, २०, ५०, १००, २००, ५०० या नाण्या-नोटांत दर पायरीला साधारण दुपटी-अडीचपटीची वाढ आहे, आणि म्हणूनच एवढ्या थोड्या किमतींत एका रुपयापासून हजारो रुपयांपर्यंतचे व्यवहार सोयीने होतात. दर पन्नास रुपयांच्या अंतराने नोटा छापल्या असत्या तर पाच रुपयांची कोथिंबीर घेताना अडचण झाली असती आणि चारशे-साडेचारशेच्या नोटा पडून राहिल्या असत्या.

ज्या राशीत टक्केवारीच्या फरकाला अर्थ असतो, तिथे हे अंतर योग्य ठरते. १० हर्ट्झ आणि २० हर्ट्झ यांत दुपटीचा फरक आहे, तर १०,००० आणि १०,०१० यांतला फरक सर्किटला जाणवतही नाही. याउलट, ज्या राशीचा आवाका लहान आहे, म्हणजे सर्वांत मोठी संख्या सर्वांत लहान संख्येच्या दोन-तीन पटच आहे, तिथे रेषीय अंतर पुरेसे असते आणि लॉगरिदमचा खटाटोप करू नये.

सूत्र असे आहे. आरंभीची संख्या अ, शेवटची ब आणि एकूण बिंदू न असतील, तर शून्यापासून मोजलेला क क्रमांकाचा बिंदू

अ × (ब ÷ अ)^(क ÷ (न − १))

इतका असतो. क शून्य असताना घातांक शून्य होऊन अ मिळतो, आणि क हा न − १ झाला की घातांक एक होऊन ब मिळतो. १० ते १,००,००० साठी ब ÷ अ हे १०,००० आहे आणि न ४१ असल्यामुळे प्रत्येक पायरीचे गुणोत्तर १०,००० चे चाळिसावे मूळ, म्हणजे सुमारे १.२५८९ येते. त्यामुळे बिंदू १०, १२.५९, १५.८५, १९.९५, २५.१२, ३१.६२, ३९.८१, ५०.१२, ६३.१०, ७९.४३, १०० असे पडतात आणि पुढच्या प्रत्येक दशपटीत तेच आकडे दशांशचिन्ह सरकवून परत येतात. मुलाने याच बिंदूंवर पुन्हा मोजले तेव्हा ७९४ हर्ट्झला उणे २.१४, १,००० ला उणे ३.०३ आणि १,२५९ ला उणे ४.१५ डेसिबल असा हिशेब जुळला आणि वळण त्याच्या जागी दिसले. बिंदू पूर्वीइतकेच, एक्केचाळीसच होते.

बिंदूंची संख्या कशी ठरवावी

इथे मी आग्रहाने सांगेन की एकूण बिंदू आधी ठरवू नयेत. एका दशपटीत, म्हणजे प्रयोगशाळेच्या भाषेत एका डिकेडमध्ये, किती बिंदू हवेत ते आधी ठरवावे. पन्नास किंवा शंभर बिंदू हा आकडा केवळ सवयीने येतो, आणि उद्या मोजमापाची मर्यादा वाढवली की त्याच पन्नास बिंदूंत पायऱ्या रुंद होतात आणि जुन्या-नव्या आलेखांची तुलना बिघडते. दर डिकेडला दहा हे ठरले, की मर्यादा कितीही वाढवली तरी पायरी बदलत नाही.

डिकेड किती आहेत ते ब ÷ अ चा दहा पायाचा लॉगरिदम सांगतो. त्याला दर डिकेडच्या बिंदूंनी गुणावे आणि त्यात एक मिळवावा. हा एक विसरण्याची चूक सर्रास होते. कुंपणाच्या दहा फळ्यांना अकरा खांब लागतात, तसेच चार डिकेडच्या चाळीस पायऱ्यांना एक्केचाळीस बिंदू लागतात. चाळीसच दिले तर प्रोग्राम तक्रार करत नाही, पण मधले १००, १,०००, १०,००० हे सगळे स्वच्छ आकडे किंचित सरकतात आणि मग अहवालात १,००० च्या जागी भलतीच संख्या का आली हे शोधत बसावे लागते.

वडोदऱ्याच्या परिसरात ट्रान्सफॉर्मर बनवण्याचा आणि तपासण्याचा मोठा उद्योग आहे, म्हणून तिथलेच उदाहरण देते. ट्रान्सफॉर्मरची वेटोळी वाहतुकीत किंवा शॉर्ट सर्किटमध्ये जागची हलली आहेत का, हे पाहण्यासाठी स्वीप फ्रीक्वेन्सी चाचणी करतात. तिचा नेहमीचा पल्ला २० हर्ट्झ ते २० लाख हर्ट्झ, म्हणजे बरोबर पाच डिकेडचा असतो. दर डिकेडला २०० बिंदू घेतले तर १,००१ बिंदू होतात आणि दर पायरीचे गुणोत्तर १.०११५८ येते, म्हणजे प्रत्येक पायरी सव्वा टक्क्याच्याही आतली. एवढी बारीक पायरी लागते, कारण वेटोळ्यांचे रेझोनन्स, म्हणजे अनुनादाची शिखरे, अरुंद असतात आणि जुन्या चाचणीच्या तुलनेत त्यांतला एखादा थोडासा सरकला आहे का, हेच तर पाहायचे असते.

तयार फंक्शने आणि त्यांतला मोठा सापळा

पायथनच्या नमपाय लायब्ररीत या कामासाठी दोन फंक्शने आहेत, लॉगस्पेस आणि जिओमस्पेस. पुढच्या ओळी मी देवनागरीत लिहिल्या आहेत, आणि त्यांतले एनपी हे नमपायचे रूढ संक्षिप्त नाव आहे. संगणकावर टाइप करताना फंक्शनांची नावे रोमन अक्षरांत आणि आकडे इंग्रजी द्यावे लागतील.

एनपी.जिओमस्पेस(१०, १०००००, ४१)
एनपी.लॉगस्पेस(१, ५, ४१)

या दोन्ही ओळींतून एकच अ‍ॅरे मिळतो. जिओमस्पेसला प्रत्यक्ष टोके द्यायची असतात, तर लॉगस्पेसला टोकांचे घातांक. दहाचा पहिला घात १० आणि पाचवा घात १,००,००० असल्यामुळे दुसऱ्या ओळीत १ आणि ५ आहेत. लॉगस्पेसला चुकून १० आणि १,००,००० दिले, तर पहिली संख्या दहाचा दहावा घात, म्हणजे एक हजार कोटी निघते, आणि दुसऱ्या संख्येचा घातांक २,५०९.७५ होऊन ती संगणकाच्या आवाक्याबाहेर जाते. दुहेरी अचूकतेत, म्हणजे नेहमीच्या ६४ बिटी दशांश संख्यांत, साधारण १.८ गुणिले दहाचा ३०८ वा घात हीच कमाल संख्या असते, त्यामुळे उरलेल्या चाळीसही जागी 'अनंत' येते. ही चूक लगेच लक्षात येते म्हणून ती परवडली. खरी धोक्याची चूक लहान आकड्यांत असते. एखाद्याला १ ते ३ व्होल्टच्या दरम्यानचे बिंदू हवे असतात, तो लॉगस्पेसला १ आणि ३ देतो आणि त्याला निमूटपणे १० ते १,००० मिळतात. त्यात कुठेही त्रुटीचा संदेश येत नाही, आणि तो अ‍ॅरे थेट वीजपुरवठ्याच्या उपकरणाकडे पाठवला जात असेल तर नुकसान खरेखुरे होते. टोके प्रत्यक्ष संख्यांत माहीत असतील तर जिओमस्पेसच वापरावे, असे मी सगळ्यांना सांगते. ते नमपायच्या १.१३ आवृत्तीपासून उपलब्ध आहे.

दोन्ही फंक्शनांत बिंदूंची संख्या दिली नाही तर ५० धरली जाते. मॅटलॅबच्या लॉगस्पेसमध्येही घातांकच द्यायचे असतात आणि ५० हाच ठरीव आकडा आहे. तिथे मात्र एक विशेष गोष्ट आहे. दुसरा आकडा म्हणून पाय (π, सुमारे ३.१४) ही संख्या दिली, तर दहाचा पायवा घात न घेता शेवटचे टोक पाय हेच धरले जाते. डिजिटल फिल्टरच्या कामात पायपर्यंतची वारंवारता लागते म्हणून ही सोय केलेली आहे. पायटॉर्चमधले लॉगस्पेसही घातांकांवर चालते. ज्युलियात १.११ आवृत्तीपासून लॉगरेंज नावाचे फंक्शन आले आहे आणि ते प्रत्यक्ष टोके घेते. आर भाषेत दोन्ही टोकांचे लॉगरिदम घेऊन त्यांच्यामध्ये सीक्वेन्स तयार करायचा आणि दहाला त्या घातांवर चढवायचे, ही एका ओळीची रीत रूढ आहे.

लॉगरिदमचा पाया कोणता घ्यावा, असा प्रश्न नवशिके हमखास विचारतात. टोके आणि बिंदूंची संख्या तीच असेल तर पाया २ घ्या, १० घ्या किंवा ई (सुमारे २.७१८) घ्या, अ‍ॅरे तोच येतो. लॉगस्पेसला घातांक द्यावे लागतात, म्हणूनच तिथे पायाचा संबंध येतो.

दोनाचा पाया सोयीचा पडतो तो संगीतात. वडोदऱ्यातल्या सूरसागर तलावासमोरच्या संगीत महाविद्यालयाची परंपरा १८८६ पासूनची आहे, आणि त्या बाजूने जाताना पेटीचे सूर कानावर आले की मला हाच अ‍ॅरे आठवतो. समान अंतराच्या पेटीत सा पासून तार सा पर्यंत वारंवारता दुप्पट होते आणि मधे बारा सारख्या पायऱ्या असतात, म्हणून प्रत्येक पायरीचे गुणोत्तर दोनाचे बारावे मूळ, १.०५९४६ असते. सा २४० हर्ट्झचा धरला तर सातव्या पायरीवरचा पंचम ३५९.५९ येतो. तंबोऱ्याच्या तारेवर जुळवलेला शुद्ध पंचम दीडपट, म्हणजे ३६० असतो. बारा स्वरांचे सप्तक हवे असेल आणि तार सा पुढच्या सप्तकात मोजायचा असेल, तर शेवटचे टोक वगळावे लागते. त्यासाठी या फंक्शनांत एंडपॉइंट नावाचा पर्याय आहे आणि तो असत्य ठेवायचा. असे केल्यावर २४० ते ४८० मध्ये १२ बिंदू मागितले की पायरी बरोबर बाराव्या मुळाची राहते. हा पर्याय न बदलता १२ मागितले तर अंतराचे अकराच भाग होतात आणि सगळी पेटी बेसूर होते.

स्वतः लिहायचे असेल तर

लायब्ररी नसते अशा ठिकाणी, उदाहरणार्थ एखाद्या लहान मायक्रोकंट्रोलरवर, हे हाताने लिहावे लागते. पायथनमध्ये ते असे दिसेल.

आरंभ = १०
शेवट = १०००००
बिंदू = ४१
पट = शेवट / आरंभ
यादी = [आरंभ * पट ** (क / (बिंदू - १)) फॉर क इन रेंज(बिंदू)]
यादी[०] = आरंभ
यादी[-१] = शेवट

पायथन ३ मध्ये आरंभ, पट, यादी अशी देवनागरी नावे जशीच्या तशी चालतात. फॉर, इन, रेंज हे शब्द मात्र रोमनमध्येच हवेत आणि आकडेही. मुलांना समजावताना मी मुद्दाम मराठी नावे वापरते, कारण त्यांनी सूत्र आणि ओळ यांतले नाते चटकन दिसते.

शेवटच्या दोन ओळी अनावश्यक वाटतील, पण त्या माझ्या मते सर्वांत महत्त्वाच्या आहेत. घात काढताना शेवटच्या आकड्यात सूक्ष्म फरक पडून १,००,००० ऐवजी ९९,९९९.९९९९९९९९ असे काही येऊ शकते. टोके आपल्याला नेमकी माहीत असतात, तेव्हा ती मोजायची कशाला? ती सरळ लिहून टाकावीत. नमपायचे जिओमस्पेसही आतून हेच करते.

दुसरी पद्धत, म्हणजे एक संख्या घ्यायची आणि तिला गुणोत्तराने गुणत गुणत पुढे जायचे, ही सोपी दिसते पण मी तिच्यापासून सावध राहायला सांगते. गुणोत्तर स्वतः पूर्णांकात नसते, त्यात अगदी शेवटच्या दशांशस्थळी त्रुटी असते, आणि हजार वेळा गुणले की ती त्रुटी हजारपट होते. दुहेरी अचूकतेत हजार पायऱ्यांनंतरही हा फरक २० लाख हर्ट्झमागे एका हर्ट्झच्या लाखाव्या भागापेक्षा कमी राहतो, त्यामुळे मोजमाप म्हणून तो नगण्यच असतो. एकेरी अचूकतेच्या (३२ बिटी) संख्या वापरणाऱ्या कंट्रोलरवर मात्र तोच फरक शंभर-दोनशे हर्ट्झपर्यंत जाऊ शकतो.

पण दुहेरी अचूकतेतही या पद्धतीने मला एकदा चांगलेच अडकवले होते. मी लूपची अट 'वारंवारता शेवटापेक्षा कमी किंवा समान असेपर्यंत' अशी लिहिली होती. शेवटच्या पायरीवर संख्या २० लाखांच्या वर केवळ केसभर गेली, अट असत्य ठरली आणि शेवटचे मोजमाप झालेच नाही. अहवालात १,००१ ऐवजी १,००० ओळी आल्या. त्या ट्रान्सफॉर्मरच्या आदल्या चाचणीत १,००१ ओळी होत्या आणि तुलनेचा प्रोग्राम दोन्ही याद्या ओळीला ओळ लावून वजाबाकी करत असे, तो तिथेच थांबला. दिवसभर सगळे तारा आणि जोडण्या तपासत राहिले, आणि दोष माझ्या एका तुलनाचिन्हात निघाला. तेव्हापासून मी लूप नेहमी क्रमांकावर चालवते, शून्यापासून न − १ पर्यंत, आणि दशांश संख्येची तुलना करून लूप कधीही थांबवत नाही.

पूर्णांक हवे असतील तेव्हा

प्रोग्रामचा वेग निरनिराळ्या आकाराच्या याद्यांवर तपासायचा असेल, किंवा सिम्युलेशनच्या कोणत्या पायऱ्यांवर नोंद ठेवायची ते ठरवायचे असेल, तर लॉगरिदमिक अंतरावरचे पूर्णांक लागतात. इथे अ‍ॅरे तयार करून नुसते पूर्णांकात रूपांतर करणे दोन प्रकारे फसते.

पहिला प्रकार छाटणीचा. पूर्णांकात रूपांतर करणारी फंक्शने बहुधा अपूर्णांक छाटून टाकतात, त्यामुळे ९९९.९९९९९ चे ९९९ होतात. म्हणून आधी जवळच्या पूर्णांकाला आणावे आणि मगच प्रकार बदलावा. दुसरा प्रकार पुनरावृत्तीचा. १ ते १,००० मध्ये ३० बिंदू घेतले तर सुरुवातीला १, १.२७, १.६१, २.०४, २.५९, ३.२९, ४.१८ असे आकडे येतात आणि पूर्णांकात ते १, १, २, २, ३, ३, ४ होतात. पुनरावृत्ती काढून टाकली तर तीसचे सत्तावीसच उरतात. बहुतेक कामांना हे चालते, आणि तसे असेल तर नमपायच्या युनिक फंक्शनने दुबार आकडे काढून मोकळे व्हावे.

बरोबर तीसच हवे असतील तर पुढची रीत वापरावी. प्रत्येक टप्प्यावर शेवटचा घेतलेला आकडा आणि शिल्लक राहिलेल्या पायऱ्या यांवरून गुणोत्तर नव्याने काढायचे. त्या गुणोत्तराने पुढचा आकडा काढून तो पूर्णांकात आणायचा, आणि तो आधीच्या आकड्याहून मोठा निघाला नाही तर आधीच्या आकड्यात एक मिळवून तो घ्यायचा. वरच्या उदाहरणात १ नंतर १.२७ चा १ होतो म्हणून २ घेतला, मग उरलेल्या २८ पायऱ्यांत २ पासून १,००० गाठायचे म्हणून गुणोत्तर १.२४८ झाले, त्याने २.५ पेक्षा किंचित कमी येऊन २ निघाला म्हणून ३ घेतला. असे करत यादी १, २, ३, ४, ५, ६, ७, ९, ११ अशी सुरू होते आणि शेवटच्या पायरीला गुणोत्तर आपोआप असे येते की नेमका १,००० च मिळतो. सुरुवातीला सक्तीने एकेक पायरी चढल्यामुळे जे पुढे गेलो, त्याची भरपाई पुढच्या पायऱ्या किंचित लहान होऊन होते. एवढेच पाहावे, की मागितलेले बिंदू त्या पल्ल्यातल्या एकूण पूर्णांकांपेक्षा जास्त नसावेत.

बाजारात मिळणारे रेझिस्टरसुद्धा असेच पूर्ण आकड्यांत आणलेले आहेत. ई-१२ मालिकेत एका डिकेडचे बारा भाग करून १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८, ८२ असे आकडे घेतले आहेत. सूत्राने मात्र २७ च्या जागी २६.१, ३३ च्या जागी ३१.६ आणि ४७ च्या जागी ४६.४ येतात. त्यामुळे रेझिस्टरच्या ओहममधल्या आकड्यांची यादी प्रोग्राममध्ये हवी असेल तर ती सूत्राने काढू नये, तक्त्यातून जशीच्या तशी उतरवून घ्यावी.

शून्य आणि ऋण संख्या

शून्याचा लॉगरिदम नसतो, आणि कोणत्याही संख्येला कितीही वेळा भागले तरी शून्य गाठता येत नाही. म्हणून शून्यापासून सुरू होणारा लॉगरिदमिक अ‍ॅरे अस्तित्वातच नसतो आणि जिओमस्पेसला शून्य दिले की ते त्रुटी दाखवून थांबते. अशा वेळी ०.०००००००००१ असा कुठलातरी इवलासा आकडा घालून वेळ मारून नेण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण मग निम्म्याहून अधिक बिंदू अशा प्रदेशात खर्ची पडतात जिथे उपकरणाला काही दिसतही नाही. उपकरण किंवा प्रश्न जिथपर्यंत अर्थपूर्ण फरक दाखवतो ती सर्वांत लहान संख्या आरंभ म्हणून घ्यावी आणि शून्यावरचे मोजमाप हवेच असेल तर शून्य अ‍ॅरेच्या सुरुवातीला वेगळे जोडावे.

पल्ला ऋणाकडून धनाकडे जात असेल, तर सिंच, म्हणजे हायपरबॉलिक साइन हे फंक्शन उपयोगी पडते. एक चल रेषीय अंतरावर घ्यायचा आणि त्याचा हायपरबॉलिक साइन एका स्थिरांकाने गुणायचा. शून्याजवळ बिंदू जवळजवळ रेषीय अंतरावर पडतात आणि दूर गेले की गुणोत्तर आपोआप स्थिर होते. शून्याजवळचा रेषीय पट्टा किती रुंद हवा, ते तो स्थिरांक ठरवतो.

मोजमापानंतरचा हिशेब

लॉगरिदमिक बिंदूंवर गोळा केलेल्या आकड्यांची साधी सरासरी काढणे ही अत्यंत सामान्य चूक आहे. १० ते १०० मध्ये जेवढे बिंदू आहेत तेवढेच १०,००० ते १,००,००० मध्येही आहेत, पण दुसरा पट्टा हजारपट रुंद आहे. सगळ्यांना सारखे वजन दिले तर खालच्या पट्ट्याचा प्रभाव वाजवीपेक्षा फार मोठा होतो. क्षेत्रफळ किंवा एकूण ऊर्जा काढायची असेल तर ट्रॅपेझॉइडच्या नियमात (आलेखाखालचे क्षेत्र समलंब पट्ट्यांत मोजण्याच्या रीतीत) प्रत्येक शेजारजोडीतले प्रत्यक्ष अंतर द्यावे, एकच ठरीव अंतर देऊ नये. हिस्टोग्रामच्या खणांसाठीही हेच अ‍ॅरे लागतात. तिथे वीस खणांना एकवीस कडा लागतात, आणि खणाचा मध्य म्हणून दोन कडांची बेरीज भागिले दोन न घेता त्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ घ्यावे.

अ‍ॅरे वापरण्याआधी मी तीन गोष्टी प्रोग्रामकडूनच तपासून घेते. पहिला आणि शेवटचा आकडा मागितला तोच आहे ना, लांबी बरोबर आहे ना, आणि शेजारच्या सगळ्या आकड्यांचे भागाकार एकमेकांशी जुळतात ना. याशिवाय सिग्नल जनरेटरला, म्हणजे हव्या त्या वारंवारतेचा सिग्नल देणाऱ्या उपकरणाला, आकडे पाठवण्याआधी त्याला पेलतील तेवढ्याच अंकांत ते आणावेत आणि नोंदीत तेच आणलेले आकडे लिहावेत, सूत्रातले नव्हेत. जनरेटरने १५.८ काढले असेल तर १५.८४८९ असे लिहिलेले मोजमाप चुकीचे असते.

त्या मुलाच्या दुसऱ्या मोजमापातही एक बिंदू डोलत होता. ५०.१२ हर्ट्झवर मीटरचा आकडा स्थिर राहत नव्हता, साधारण आठ सेकंदांत वर जाऊन पुन्हा खाली येत होता. आपली वीज ५० हर्ट्झची असते आणि तिची गुणगुण तारांतून मोजमापात शिरते. ५० आणि ५०.१२ यांतल्या फरकाने असा सावकाश हेलकावा निर्माण होतो. दहापासून दर डिकेडला दहा बिंदू घेतले की सातवी पायरी नेमकी तिथेच येऊन पडते. उपाय म्हणून मी त्याला सगळी शिडीच अर्ध्या पायरीने सरकवायला सांगितली. इथे घातांक देणारे लॉगस्पेसच सोयीचे पडते, कारण अर्धी पायरी म्हणजे घातांकात ०.०५.

एनपी.लॉगस्पेस(१.०५, ४.९५, ४०)

आता बिंदू ११.२२ पासून सुरू होऊन ८९,१२५ वर संपतात, ५० हर्ट्झच्या दोन्ही बाजूंना ४४.६७ आणि ५६.२३ हे बिंदू जवळजवळ सारख्याच गुणोत्तराने दूर राहतात, आणि कटऑफ ८९१ व १,१२२ यांच्या मधे उणे २.५६ आणि उणे ३.५७ डेसिबलच्या कैचीत सापडते. तिसऱ्यांदा मोजले तेव्हा चाळीसही आकडे स्थिर आले आणि तोच आलेख त्याने जर्नलमध्ये लावला.